अबोला किती दिवसांचा?

"अब्बूंना सांग, ताट वाढलंय."

"अम्मीला सांग, मला भूक नाही."

सात वर्षांची मुलगी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये निरोप पोहोचवत होती. नऊ दिवस हेच चाललं होतं. कारण काय, तर नणंदेच्या लग्नासाठी नवऱ्याने पंचवीस हजार रुपये दिले आणि बायकोला ते शेजारणीकडून कळलं. पैसे देण्याला तिची हरकत नव्हती. आपल्याला विचारलं नाही, याचं दुःख होतं. तोंडातून निघालं मात्र वेगळंच : "तुम्हाला नेहमी तुमच्याच माणसांची पडलेली असते!" तो उठून बाहेर गेला. इशानंतर परतला तो गप्पच.

हे जोडपं माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं ते या भांडणामुळे नव्हे. मुलीच्या दप्तरात शाळेच्या सहलीचं संमतिपत्र सापडलं, तेही सहल होऊन गेल्यावर. तिने सही मागितलीच नव्हती. "एकाकडे मागितली असती तर दुसरं रागावलं असतं," एवढंच ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "मी तर सबर करत होतो. उलट बोललो असतो तर वाढलं असतं." बायको म्हणाली, "मला वाटलं, मला शिक्षा चाललीय." अबोल्याची गंमत हीच. धरणाऱ्याला तो संयम वाटतो, सोसणाऱ्याला सजा वाटते. सबर आणि अबोला यांतला फरक ओळखायला सोपा आहे. सबर करताना राग ओसरत जातो. अबोल्यात तो आत मुरत राहतो.

माणूस गप्प का होतो?

अमेरिकेतील सिएटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी कित्येक वर्षे जोडप्यांची बोलणी चित्रित करून अभ्यासली. नातं पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या : माणसाच्या स्वभावावरच टीका करणं, तुच्छतेने बोलणं, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव करणं आणि भिंतीसारखं गप्प होणं. ही चौथी सवय त्यांना पुरुषांमध्ये अधिक दिसली. अशा वेळी माणूस बाहेरून शांत दिसतो, पण आत छाती धडधडत असते. नाडीचे ठोके मिनिटाला शंभरावर गेले की समोरच्याचं बोलणं नीट ऐकूच येत नाही. म्हणून त्यांचा सल्ला असा, की भांडण तिथेच थांबवा, किमान वीस मिनिटं वेगळे व्हा आणि पुन्हा बोलायला बसा.

आपल्याला हे अपरिचित नाही. राग आला आणि उभे असाल तर बसा, तरीही शमला नाही तर आडवे व्हा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. अबोल्यालाही हदीसने हद्द घातली आहे. तीन दिवसांपेक्षा जास्त काळ संबंध तोडून राहू नये आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो. राग येणारच, हे इथे मान्य केलं आहे. मुदत मात्र ठरवून दिली आहे.

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, सांगून उठा. "आत्ता माझं डोकं तापलंय, चहा पिऊन बोलू," एवढं वाक्य पुरतं. न सांगता उठून जाण्यात आणि सांगून जाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि मग बोलायला खरोखर परत या.

दुसरी गोष्ट, 'तुम्ही नेहमी' आणि 'तू कधीच' हे शब्द गाळा. त्याऐवजी आपल्याला काय वाटलं ते सांगा. "पैशांचं मला शेजारणीकडून कळलं, तेव्हा परक्यासारखं वाटलं." अशा वाक्याला उत्तर देता येतं. आरोपाला फक्त प्रत्युत्तर मिळतं.

तिसरी गोष्ट, मुलांना टपालवाला करू नका. निरोप कितीही साधा असो, तो नेताना मूल दोघांचा राग डोक्यावर वाहतं.

चौथी गोष्ट, दुसऱ्याने पुढे केलेला हात ओळखा. कुणी न मागता पाण्याचा ग्लास आणून ठेवतो, कुणी उगाच विचारतो, "मीठ कमी आहे का?" ही माफीच असते, फक्त तिला शब्द सापडलेले नसतात. तेव्हा "आता आठवण झाली का?" असं म्हणून ती परतवू नका.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मारहाण, धमकी किंवा भीती यांमुळे कुणी गप्प असेल, तर तो अबोला नव्हे. तिथे हे उपाय लागू पडत नाहीत. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. मदत मागितल्याने ईमान कमजोर ठरत नाही आणि घराची अब्रूही जात नाही.

त्या जोडप्याने एकच गोष्ट ठरवली. कितीही बिनसलं तरी घरात येताना सलाम करायचा आणि आतून जबाब द्यायचा. पुढच्या भेटीत मी विचारलं, भांडणं थांबली का? बायको हसली. "नाही. पण आता निरोप आम्ही स्वतःच देतो."