कवेलूच्या खोलीत पुन्हा रंग

डिसेंबर महिना लागला की कार्यकर्त्याला डोके वर काढायला फुरसत नसते. ६ डिसेंबरचे अभिवादन, २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन, लगेच १ जानेवारी आणि पाठोपाठ ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती. वर्गणीच्या पावत्या, पत्रके, सतरंज्या कोणाकडून आणायच्या त्याची यादी. दिवसभर कचेरीत आकडे आणि रात्री विहारात पुन्हा आकडेच, कारण बी.कॉम. झालेल्या माणसाकडे हिशोब आपोआप चालत येतो. अशा दिवसांत आम्ही अड्याळच्या आमच्या घरामागच्या कवेलूच्या खोलीत चित्र काढायला बसलो, हे ऐकून मंडळातल्या सहकाऱ्यांनी काळजीने आमच्या प्रकृतीची चौकशी केली.

ही खोली पूर्वी तणस आणि सरपण ठेवायची. आमची थोरली मुलगी तिला थट्टेने 'स्टुडिओ' म्हणते. कवेलूंच्या फटीतून वारा सरळ मानेवर येतो. पूर्वी शंभराचा पिवळा दिवा लावला की निदान हात शेकता यायचे. आताच्या एलईडी दिव्यात उजेड आहे, ऊब नाही.

अठरा वर्षांपूर्वी आम्ही चित्रे काढत होतो. जयंतीच्या देखाव्यांचे पडदे, मोर्चाचे फलक हे तर होतेच. शिवाय स्वतःसाठी मिश्र माध्यमात काम करायचो. मिश्र माध्यम म्हणजे काही फार मोठे गूढ नाही. एकाच फलकावर रंग, कागद, कापड, माती, दोरा, पान जे लागेल ते वापरायचे. आमच्यासारख्याला ते परवडणारेही होते, कारण गेरू, चुना, नीळ आणि धानाचा कोंडा गावातच मिळतो. पण एका प्रदर्शनात परीक्षकाने आमच्या फलकासमोर उभे राहून "हा कचरा कोणी चिकटवला?" असे विचारले, आणि लोक हसले. त्यानंतर नोकरी लागली, लग्न झाले, बाबांचे आजारपण आले. चित्रे बंद पडण्याचा दोष आम्ही बरीच वर्षे त्या परीक्षकाच्या माथी मारत होतो. खरे तर त्याच्या एका वाक्याने आम्हाला चांगली सबब दिली होती.

पुन्हा सुरुवात झाली ती मायमुळे. मायने चाळीसेक वर्षे बिड्या वळल्या. भंडारा-गोंदियाच्या कितीतरी घरांच्या चुली तेंदूच्या पानावर पेटल्या आहेत, ते या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापायचा पत्र्याचा तुकडा, आणि हजारी पूर्ण होईपर्यंत वर न पाहणारे डोळे. ठेकेदार त्यातल्या काही बिड्या बाद करायचा, त्याचे पैसे मिळायचे नाहीत. त्याच डोळ्यांत आता काचबिंदू आहे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने निघतो, काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. उरलेली टिकवण्यासाठी रोज थेंब घालावे लागतात. एका डोळ्याने तिला आता माणसाचा आकार तेवढा दिसतो. तेव्हा मनात आले की तिचे चित्र काढायचे असेल तर ते आताच, आणि असे की जे दिसले नाही तरी बोटांना कळेल.

तिच्या जुन्या लुगड्याचा निळ्या काठाचा एक तुकडा घेतला. तेंदूची पाने मागून आणली. हार्डबोर्डवर तिची आकृती रेखली, लुगडे लुगड्याच्या जागी, पाने सुपाच्या जागी. रात्री जेवण आटोपून सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकाने सारे चिकटवले आणि समाधानाने झोपलो. सकाळी बघतो तर डिंक पारदर्शक व्हायच्या ऐवजी खडूसारखा पांढरा पडलेला. कापड उचलले की भुगा होऊन सुटत होते. पाने तडकली होती. काठावर पांढरे डाग पडले ते वेगळेच, आणि दुसरा तुकडा घरात नव्हता.

यात नशिबाचा काही संबंध नाही. हा पांढरा डिंक आणि ॲक्रेलिक रंग दोन्ही जातीने सारखेच. पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडाले की ते कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा व्हावा लागतो. हवा साधारण १० अंशांखाली गेली की कण कडक राहतात, मिसळत नाहीत, आणि मागे भुकटी उरते. डबीतले खोबरेल तेल आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीच गोठलेले असते, त्यावरून खोलीचा अंदाज आम्हाला यायला हवा होता. तैलरंगाची तऱ्हा वेगळी. तो पाणी उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, आणि थंडीत तेही रेंगाळते. तैलरंग ॲक्रेलिकवर चालतो. तैलरंगावर ॲक्रेलिक मात्र धरत नाही, पुढे सोलून निघते.

दुसऱ्या रात्री आम्ही आणखी मोठा मूर्खपणा केला. दार लावून आत कोळशाची शेगडी ठेवली. तासाभरात डोके ठणकू लागले, मळमळ झाली. पत्नीने दार उघडले म्हणून हा लेख लिहिता येतो आहे. जळत्या कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी झोपी जातो. थंडीत लेकराबाळांना घेऊन बंद खोलीत शेगडी लावणाऱ्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावे. खोलीत टर्पेंटाइन असेल तर भडका उडायचा धोका निराळाच.

पुढचे दोन आठवडे आम्ही त्या खोलीत गेलो नाही. त्या दिवसांत वासुदेव गायतोंडे यांच्याविषयीचे जुने वाचन आठवत होते. घराणे गोव्याचे, पण १९२४ साली त्यांचा जन्म झाला आपल्या नागपुरात. झेन विचाराचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्या अर्थाने ते बुद्धाच्या वाटेने काही पावले चाललेले चित्रकार. ब्रशपेक्षा रोलर आणि पट्टीसारखी सुरी वापरून ते रंगाचा थर चढवीत, खरवडीत, कागदाचे फाटके तुकडे घेऊन रंग उमटवीत. १९८४ साली दिल्लीत अपघात झाला आणि मोठा कॅनव्हास त्यांना काही वर्षे बाजूला ठेवावा लागला. त्या काळात त्यांनी छोट्या कागदांवर शाईने काम केले, आणि नंतर पुन्हा कॅनव्हासकडे वळले. २००१ मध्ये ते गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. आम्हाला न्यूयॉर्कपेक्षा तो छोटा कागद जास्त महत्त्वाचा वाटला. बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, चित्रकलेचे धडेही घेतले होते, आणि त्यांच्यापेक्षा आम्हाला काम जास्त आहे असे म्हणायची आमची हिंमत नाही.

मग आम्ही वहीच्या पानाएवढे पुठ्ठे कापले. रात्रीचे काम बंद केले. आता फक्त रविवार, सकाळी अकरा ते तीन, खोलीबाहेर सपरीत, उन्हात. डिंकाची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची आणि चिकटवलेला पुठ्ठा ऊन असेतो वाळवायचा. कागदासाठी तर मैद्याची खळच बरी. तिला ऊन आणि वारा पुरतो. किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालतात, ते विष आहे, तेव्हा भांडे स्वयंपाकघरात परत न्यायचे नाही. पहिले चार पुठ्ठे वाईट झाले. हात इतका आखडला होता की एक सरळ रेघ येईना. पाचव्यात मायची बोटे थोडीफार बोटांसारखी दिसली.

पाने मात्र तडकतच होती. माय बाजेवर ऊन खात बसली होती. तिने हात पुढे केला, तसा पुठ्ठा तिच्याकडे दिला. बोट फिरवत ती काठापर्यंत गेली.

"हे माह्यं लुगडं," ती म्हणाली. डाग पडलेला तुकडा आम्ही धुऊन पुन्हा वापरला होता. बोट पानावर आले आणि थांबले.

"पान सुकंच लावलं का रे?"

"हो."

"मंग तडकनारच ना, बापू. इतकी वर्सं घरात पाहून बी तुले समजलं नाही. पान भिजवा लागते. वल्ल्या फडक्यात गुंडाळून रातभर ठेवा लागते. मंगच वाकते ते."

आमचे कॉलेज, आमची पुस्तके आणि मिश्र माध्यमाची सगळी विद्या तिथेच संपली. चाळीस वर्षे रोज संध्याकाळी ती जे करत होती, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, पण ध्यानात ठेवले नव्हते.

त्या रविवारचे ऊन उतरले होते, म्हणून बाकीचे काम राहिले. पुढच्या शनिवारी रात्री मायने स्वतः बादली मागवली. थंड पाण्यात हात घालू नको म्हणून आम्ही सांगत होतो, पत्नी सांगत होती, तिने ऐकले नाही. पाने एकेक करून बुडवली, झटकली, फडक्यात लावली. शिरा बोटाने तपासून दोन बाजूला काढून टाकली.

"ही बाद," म्हणाली, आणि हसली.