धर्म बदलला, चेटकिणीची भीती राहिली



आपली मुलं हल्ली जादूच्या जाडजूड कादंबऱ्या वाचतात. अशाच एका गोष्टीत सगळं राज्य जादूटोण्याला घाबरतं आणि राजा एका फटक्यात धर्मच बदलतो. लेकीने विचारलं, "बाबा, हे पटतं का? इतकी घाबरलेली माणसं ऐकतील कशी?"

उत्तर आपल्या झिंडेलफिंगेनच्या आसपासच सापडतं. १५३४ साली ड्यूक उलरिशने वुर्टेम्बर्गमध्ये लूथरचा पंथ आणला. काही वर्षांत लॅटिन पूजाविधी गेला, जर्मन प्रार्थना आली, मठांची मालमत्ता सरकारजमा झाली. प्रजेला कोणी विचारलं नाही. म्हणजे हुकमाने धर्म बदलतो, हे खरंच.

भीती मात्र बदलली नाही. गारपीट झाली की लोक चेटकीण शोधत. योहानेस ब्रेन्झ या धर्मसुधारकाने १५३९ च्या प्रवचनात सांगितलं, की गारा देव पाडतो, चेटकीण नाही. तरी चेटकिणींना शिक्षा व्हावी, हे त्यालाही मान्य होतं! शिवाय मंतरलेलं पाणी, संतांचे नवस हे जुने आधार नव्या पंथाने काढून घेतले. अंगारा-ताईत बंद केले पण करणीवरचा विश्वास तसाच ठेवला, तर माणूस जास्तच घाबरणार ना?

आपल्याच ब्योब्लिंगेन जिल्ह्यातल्या लेओनबेर्गमध्ये १६१५ साली, धर्म बदलून ८१ वर्षं झाल्यावर, एका बाईने आरोप केला की काथारिना केपलरने दिलेल्या पेयाने ती आजारी पडली. काथारिना म्हणजे ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या योहानेस केपलरची आई. १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बाईंना अटक झाली. चौदा महिने त्या साखळदंडात होत्या. मुलाने स्वतः बचाव लढवला. छळाची हत्यारं दाखवली तरी त्यांनी गुन्हा कबूल केला नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये त्या सुटल्या आणि पुढच्याच एप्रिलमध्ये वारल्या.

आपणही हसू नये. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. कायदा हवाच, पण मनातली भीती घराघरात बोलूनच जाते.

लेकीला म्हटलं, राजाने धर्म बदलला हे पटतं. पण दुसऱ्या दिवशी सगळे निर्भय झाले असं लिहिलं असेल, तर मात्र ती गोष्ट खोटी!

मंडळी, एखाद्या रविवारी मुलांना केपलरच्या जन्मगावी, वाइल डेर श्टाटला घेऊन जा. तिथे त्याचा पुतळा आहे. त्याच्या आईची गोष्टही जरूर सांगा.