वादळ आमच्याकडे आलेच नाही!

पाहुणा येणार म्हणून घर आवरायचे आणि तो येऊ नये म्हणून मनोमन देवाला विनवायचे, असा प्रसंग संसारात सहसा येत नाही. आम्हां पालघरकरांवर तो २ जून २०२० रोजी आला. पाहुण्याचे नाव मोठे लोभस होते : 'निसर्ग'! हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात कोठेतरी हे चक्रीवादळ किनाऱ्याला लागणार, असे हवामान खात्याने सांगितले होते. आमचा किनारा त्या पट्ट्यातच.

टाळेबंदीने घरात कोंडलेली बिऱ्हाडे एकदम कामाला लागली. सौभाग्यवतींनी पिंपे, हंडे, कळशा भरल्या. मी गॅलरीतल्या कुंड्या आत घेतल्या. मेणबत्त्या शोधताना मागल्या दिवाळीतला आकाशकंदील तेवढा सापडला.

शेजारचे गृहस्थ बोईसरला रसायनांच्या कारखान्यात आहेत. ते मात्र गप्प होते. "दार लोटले की घर बंद होते, प्राध्यापक. कारखाना तसा बंद होत नाही. आत तापत असलेला माल टाकून कसे निघायचे?" तारापूरला तर १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. पालघर आणि रायगडमधले रासायनिक कारखाने नि अणुकेंद्र यांची विशेष खबरदारी घेत असल्याचे सरकारनेही त्या दिवशी जाहीर केले होते.

संध्याकाळी फोन वाजला. सातपाटीची माझी एक विद्यार्थिनी. "सर, बाबांची बोट अजून आली नाही." समुद्रातल्या बोटींना माघारी बोलावले होते, पण दूर गेलेल्या बोटीवर मोबाइल लागत नाही. त्यातून ५ जूनला वटपौर्णिमा, म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीच्या पाण्याला वाऱ्याने ढकलले तर ते कोठवर चढेल, हे सातपाटीच्या लहान पोरालाही कळते. खाडीतल्या बोटींना दुहेरी दोर बांधले जात होते, सुक्या मासळीचे डबे माळ्यावर चढत होते, आणि मायलेकी बंदराकडे डोळे लावून बसल्या होत्या. मी धीर दिला. पण माझे शब्द मलाच पोकळ वाटत होते.

रात्री साडेदहाला पुन्हा फोन आला. "आले, सर!" एवढेच दोन शब्द. मग कोठे आमच्या घरात पाने वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खिडक्या लावून बसलो. दुपारी बातमी आली, वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. आमच्याकडे पाऊस झाला, वारा झाला, गल्लीतल्या झाडाच्या चार फांद्या पडल्या. संध्याकाळी जिन्यात हास्यविनोद सुरू झाला. "एवढे पाणी भरले, आता आठवडाभर धुणी धुवा!" हवामान खात्याची थट्टा करण्यात मीही मागे नव्हतो.

त्याच भरात मी विद्यार्थिनीच्या वडिलांना फोन केला. म्हटले, "फुकट धावत आलात की हो! वादळाने चकवले तुम्हाला."

ते क्षणभर थांबले. "सर, चकवले नाही. ते श्रीवर्धनकडे गेले. तिकडे आमचे सोयरे आहेत. काल त्यांनीही असेच दोर बांधले होते."

मला पुढे बोलता येईना. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीच्या वाड्यांतल्या आडव्या पडलेल्या नारळी-पोफळी पुढे चित्रांत पाहिल्या. पोफळ लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. आमच्या जिन्यातला विनोद मात्र एका संध्याकाळीच पिकला होता.

पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आले. तेही आमच्या किनाऱ्यावर चढले नाही. समुद्रातूनच वर सरकत १७ मेच्या रात्री गुजरातवर आदळले. पण त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला आणि कितीतरी कामगार घरी परतले नाहीत. त्या वेळीही आम्ही हंडे भरले, कुंड्या आत घेतल्या. वारा ओसरल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, "काय प्राध्यापक, याही वेळी पाणी फुकटच भरले ना?"

मी म्हटले, "फुकट गेले ते बरे झाले." आणि सातपाटीला फोन लावला. या खेपेस थट्टेसाठी नव्हे. त्यांचे सोयरे सुखरूप आहेत ना, एवढे विचारण्यासाठी.