न लिहिलेला करार : स्वयंसेवक मध्येच का थांबतात?

जालना जिल्ह्यात उन्हाळा लागला की गाळ उपसण्याच्या आणि श्रमदानाच्या बैठका सुरू होतात. पावसाळ्यात वृक्षलागवड असते, लसीकरण आणि सर्वेक्षणं तर वर्षभर चालतात. माणसं हौसेनं येतात आणि हळूहळू गळतात. संस्था म्हणते, सेवाभाव उरला नाही. स्वयंसेवक म्हणतो, तिथं आपली किंमत नाही. दोघांनी एकमेकांकडून काय गृहीत धरलं होतं, याबद्दल मात्र कुणीच बोललेलं नसतं. संघटनांचे अभ्यासक ख्रिस आर्गिरिस यांनी १९६० मध्ये या अव्यक्त अपेक्षांना मानसिक कराराचं नाव दिलं आणि डेनिस रूसो यांनी १९८९ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. या कराराबद्दलचे काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : स्वयंसेवकाला कसलीच अपेक्षा नसते.

वस्तुस्थिती : त्याला पगाराची अपेक्षा नसते, पण बाकीच्या असतात. आपला वेळ वाया जाऊ नये, काम खरोखर उपयोगी असावं, निर्णय घेताना आपल्याला विचारावं, चारचौघांत अपमान होऊ नये. राष्ट्रीय सेवा योजनेतला विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर देतो. त्यानं लावलेल्या रोपाला फोटो काढून झाल्यावर कुणी पाणी घातलं नाही आणि दिवाळीपर्यंत ते वाळलं, तर पुढच्या वर्षी तो फक्त हजेरीपुरता येतो. तो आळशी झालेला नसतो. त्याच्या लेखी संस्थेनं शब्द मोडलेला असतो, मग तो शब्द तोंडानं दिलेला नसला तरी.

गैरसमज २ : पैसे मागितले म्हणजे सेवाभाव संपला.

वस्तुस्थिती : आशा स्वयंसेविकेचं उदाहरण पाहा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं. त्याच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार ती मानसेवी कार्यकर्ती होती. तिला पगार नव्हता, कामानुसार मोबदला होता. तिच्या नेहमीच्या रोजीरोटीत अडथळा येणार नाही असंच काम तिला द्यायचं, हेही त्यात नमूद होतं.

प्रत्यक्षात जालना जिल्ह्यातल्या मंठा-परतूरच्या वाड्या-तांड्यांवरची आशा काय करते? दवाखान्यात जन्मलेलं बाळ घरी आलं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्याच्याकडे जायचं. वजन घ्यायचं, ताप पाहायचा, आई अंगावर पाजते का ते विचारायचं. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरलेले. त्याशिवाय लसीकरण, सर्वेक्षणं आणि नोंदी. करोनाच्या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेसाठी दारोदार फिरणाऱ्यांतही त्या होत्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. त्याआधी जून २०२१ मध्ये आणि नंतर २०२३ मध्येही राज्यातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. काम पूर्णवेळ होत गेलं आणि नाव मात्र स्वयंसेविकाच राहिलं. अशा वेळी मोबदला मागणं म्हणजे बदललेल्या कराराची आठवण करून देणं आहे.

गैरसमज ३ : थोडंफार मानधन आणि एखादा सत्कार, एवढ्यावर माणूस टिकतो.

वस्तुस्थिती : उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. इस्रायलमध्ये शाळकरी मुलं सामाजिक कामासाठी वर्गणी गोळा करत होती. ज्यांना जमलेल्या रकमेच्या अगदी छोट्या वाट्याइतका मोबदला देऊ केला, त्यांनी विनामोबदला काम करणाऱ्यांपेक्षा कमी पैसे जमवले. द्यायचं तर कामाच्या तोलाचं द्यावं, नाहीतर सेवेला सेवाच राहू द्यावं. प्रवासखर्च आणि चहापाणी हा वेगळा विषय आहे. स्वयंसेवकाच्या खिशाला खार लागू नये, ही संस्थेची किमान जबाबदारी.

गैरसमज ४ : आपलंच गाव, आपलीच माणसं; अटी कशाला ठरवायच्या?

वस्तुस्थिती : जालन्याजवळच्या कडवंचीचा अनुभव याच्या उलट आहे. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारानं मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं तिथं इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम केलं. या कार्यक्रमाची रीतच अशी होती की गावानं किती श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी कशी पाळायची, हे आधी ग्रामसभेत ठरे. गावाची तयारी दिसल्यावरच पूर्ण काम हाती घेतलं जाई. कुणाकडून काय हवं, हे सगळ्यांसमोर बोललं गेल्यानं मनातल्या गृहीतकांना जागा कमी राहिली. पुढं शेततळी आणि द्राक्षबागांमुळे कडवंचीचं नाव राज्यभर झालं.

गैरसमज ५ : स्वयंसेवक तक्रार करत नाही, म्हणजे तो खूश आहे.

वस्तुस्थिती : नोकरदार पगारासाठी भांडतो. स्वयंसेवकाला बांधून ठेवणारं काहीच नसतं, म्हणून तो भांडत बसत नाही. तो आधी उशिरा येतो, मग फोन उचलत नाही, मग येतच नाही. त्यामुळे कुणी नाराजी बोलून दाखवली तर तिचा राग मानू नका. बोलणारा माणूस अजून तुमचा असतो.

संस्था चालवणाऱ्यांना विनंती एवढीच : पहिल्याच बैठकीत काम कोणतं, किती तास, खर्च कोण करणार, निर्णयात कुणाचा आवाज असेल आणि अडचण कुणाला सांगायची, हे मोकळेपणानं सांगा. समोरच्याला काय हवं आहे, तेही विचारा. काम वाढलं तर पुन्हा बसा, पुन्हा ठरवा. स्वयंसेवकांनीही आपली अपेक्षा मनात न ठेवता पहिल्याच दिवशी सांगावी.