पेटी उघडता यायला हवी

गेमिंगसाठी डेस्कटॉप घ्यायचा तर कंपनीचा तयार घ्यावा, की सुटे भाग आणून जोडावा? आपल्याकडे हा प्रश्न निदान पंचवीस वर्षं जुना आहे आणि या काळात त्याचं उत्तर अनेकदा फिरलं आहे. माझं मन आजही सुट्या भागांच्या बाजूनं आहे. कारण मात्र लोक सहसा सांगतात ते, म्हणजे वाचणारे पैसे, हे नाही.

दोन हजारच्या दशकात आपल्या गावाशहरांत स्वतः पेचकस हातात घेणारे थोडेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जायचं, चार दुकानांतून कोटेशन घ्यायचं, घासाघीस करायची आणि दुकानातल्याच मुलाकडून समोर बसून पीसी असेंबल करून घ्यायचा, ही खरी रीत. विप्रो, झेनिथ, एचसीएल यांच्या तयार मशिनना घरपोच सर्व्हिस होती, पण किंमत जास्त आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड क्वचितच. ‘काउंटर-स्ट्राइक’ किंवा ‘व्हाइस सिटी’ खेळायचं तर असेंबलच. सायबर कॅफेही अशाच मशिनवर चालत.

हे जमलं, कारण भागांची मापं सगळीकडे सारखी होती. आयबीएमनं १९८१ मध्ये आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याची रचना इतरांना वापरता येईल इतकी मोकळी ठेवली. पुढे १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हे प्रमाण माप आणलं. मदरबोर्डची स्क्रूची भोकं कुठे आणि वीजपुरवठ्याचा प्लग कसा, हे ठरून गेलं. तैवानचा बोर्ड, कोरियाची रॅम आणि दिल्लीत बनलेलं कॅबिनेट एकमेकांत बिनतक्रार बसू लागले ते यामुळेच.

असेंबल पीसीचं नाव मात्र त्याच काळात खराब झालं, आणि माझ्या मते त्याला एकच भाग मुख्यतः जबाबदार होता: एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर तो जवळजवळ फुकटच यायचा. वर ‘४५० वॅट’ असं स्टिकर, पण हातात घेतला की हलका लागायचा, कारण आतला ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर छोटे आणि संरक्षणाची सर्किटं गाळलेली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना वीज मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवरून लागते. ती वाहिनी किती अँपिअर देते हे त्या स्टिकरवर बारीक अक्षरात असायचं, आणि ते वाचायचं असतं हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नसे. त्यात राज्यभर भारनियमन. वीज जाते, येते, येताना झटका देते. असा एसएमपीएस जाताना अनेकदा मदरबोर्डही घेऊन जायचा. लोक म्हणायचे, असेंबलचं काही खरं नाही. पीसीत सर्वांत आधी चांगला एसएमपीएस घ्या, हे मी आजही भेटेल त्याला सांगतो.

घरी बसून स्वतः जोडण्याचा खरा बहर २०१७ पासूनचा. मार्चमध्ये एएमडीचे रायझन प्रोसेसर आले, इंटेलला स्पर्धा मिळाली, आणि यूट्यूबवर सगळं पाहायला मिळू लागलं. पहिल्यांदा जोडणारा अडतो तो कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या तारांपाशी. पॉवर, रिसेट, एलईडी अशी नखाएवढी टोकं आणि बोर्डच्या कोपऱ्यात दाटीनं उभ्या पिना. मॅन्युअलमधला नकाशा उघडून, मोबाइलची बॅटरी मारून ती एकेक बसवावी लागतात. पंखा फिरला की ज्यानं जोडलं त्याला त्या पेटीतली प्रत्येक वस्तू कळलेली असते. त्याचा उपयोगही झाला: २०१७ मध्ये एएम४ सॉकेटचा बोर्ड घेतलेल्या अनेकांना पाच वर्षांनी, बायोस अपडेट करून, त्याच बोर्डवर २०२२ चा ५८००एक्स३डी हा रायझन प्रोसेसर बसवता आला.

मग बाजार उलटला. २०२०-२१ मध्ये करोना, चिपची टंचाई आणि इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग एकत्र आलं. अमेरिकेत ६९९ डॉलर किंमत जाहीर झालेलं आरटीएक्स ३०८० कार्ड त्या भावात मिळेना. आपल्याकडे तर कार्ड हवं असेल तर सोबत मदरबोर्ड, एसएमपीएसही घ्या, असं कित्येक दुकानांतून सांगितलं जाई. गिऱ्हाइकाची ती सरळ अडवणूक होती. मोठ्या कंपन्यांना कार्डं थेट मिळत, त्यामुळे त्या काळात तयार पीसी घेणाऱ्यांचा हिशेब बरोबर होता. २०२२ मध्ये भाव उतरत गेले, आणि सप्टेंबरमध्ये इथेरियमनं मायनिंगची पद्धतच सोडली. २०२५ च्या अखेरीस तोच फेरा रॅमवर आला. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळली, भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉननं क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदा बंद करण्याचं जाहीर केलं.

म्हणूनच पैशाच्या जोरावर हा वाद सुटत नाही. तो हिशेब बाजार फिरवतो. माझा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे: पेटी उघडून आतला कोणताही भाग बाजारातला दुसरा आणून बदलता आला पाहिजे. तयार पीसीत अनेकदा तेच अडतं. डेलच्या एलियनवेअर अरोराच्या अनेक मॉडेलांत मदरबोर्ड खास कंपनीच्याच मापाचा असे. तो गेला, की पुन्हा त्याच कंपनीच्या दारात.

लातूर किंवा सांगलीत राहणाऱ्यानं घरी येणाऱ्या इंजिनिअरची सोय पाहून तयार पीसी घेतला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. सुट्या भागांच्या वॉरंटीत बिघडलेला भाग आधी आपणच ओळखायचा असतो, मग तो कुरिअरनं पाठवून वाट पाहायची असते. फक्त पैसे देण्याआधी त्यानं विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. एसएमपीएस कोणत्या कंपनीचा आणि कोणतं मॉडेल. मदरबोर्ड प्रमाण मापाचा आहे का. आणि रॅमच्या पट्ट्या दोन आहेत की एकच, कारण एकाच पट्टीवर मेमरीची दुसरी वाहिनी रिकामी राहते आणि बऱ्याच गेममध्ये वेग पडतो.