एम्प्रेस मिलचे सूत का तुटत होते?

नागपूरच्या रेल्वे स्थानकापासून जवळच, गांधीसागर तलावाकडे जाताना आज दुकानांचे एक भव्य संकुल लागते. त्याचे नाव ‘एम्प्रेस सिटी’. हे इंग्रजी नाव येथे कोठून आले?

१ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली. त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी येथे आपली कापडगिरणी सुरू केली व तिला ‘एम्प्रेस मिल’ हे नाव दिले. त्या काळी गिरणी म्हटली की मुंबई. मग नागपूर का? कापूस वऱ्हाड-वर्ध्याचा, कोळसा वरोऱ्याचा, आणि रेल्वे १८६७ मध्येच येऊन पोहोचलेली. जागा मात्र दलदलीची होती. ती भरून काढताना एका सावकाराने म्हणे, ‘हा गृहस्थ सोने मातीत घालतो आहे,’ असे सांगून कर्ज नाकारले. पुढे त्यालाच आपले शब्द मागे घ्यावे लागले.

सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग घेऊन गिरणी सुरू झाली. पण नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच! मे महिन्यात दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. सूतकताईची यंत्रे आली होती लँकेशायरहून, जेथे हवा बाराही महिने दमट. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. ओलावा असला की त्या थोड्या सैल होतात आणि ताण सर्वांवर वाटला जातो. कोरड्या, ताठर तंतूत तो थोड्याच साखळ्यांवर पडतो व तंतू तुटतो. शिवाय कोरड्या हवेत घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होऊन तंतू एकमेकांपासून फिसकारतात. म्हणून या गिरणीत हवा दमट करणारी यंत्रे बसविण्यात आली. भारतात अशी यंत्रे प्रथम बसविणाऱ्या गिरण्यांत तिची गणना होते.

दुसरा बदल चात्यांचा. जुन्या ‘म्यूल’ यंत्राचा गाडा सुमारे दीड मीटर मागे जात सूत ओढी व पिळी. मग पुढे येताना ते गुंडाळी. म्हणजे गुंडाळताना कातणे बंद! ‘रिंग’ यंत्रात चातीवरच्या कांडीभोवती पोलादी कडे असते व कड्याच्या काठावर एक चिमुकली आकडी फिरते. सूत या आकडीतून कांडीवर जाते. कांडी फिरली की सूत आकडीला ओढत नेते. पण घर्षणामुळे आकडी किंचित मागे पडते. तिच्या प्रत्येक फेऱ्याने सुताला एक पीळ बसतो, आणि ती जेवढी मागे पडली तेवढे सूत गुंडाळले जाते. दोन्ही कामे एकदम! लँकेशायर म्यूललाच चिकटून होते तेव्हा, १८८० नंतरच्या दशकात, नागपुरात रिंगा फिरू लागल्या.

१९८६ मध्ये ही गिरणी राज्य शासनाच्या महामंडळाकडे गेली. २००२ मध्ये ती बंद झाली. योगायोग असा की, इंग्लंडमधील सॉल्टेअर या गिरणी-गावातील १८५३ ची प्रचंड गिरणीही १९८६ मध्येच बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या उद्योजकाने ती विकत घेऊन तेथे डेव्हिड हॉकनी या चित्रकाराच्या चित्रांचे दालन उघडले. कामगारांची घरे, शाळा, बाग यांसह ते सारे गाव २००१ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि लोक ते मुद्दाम पाहायला जातात. नागपुरात निदान एक रिंग यंत्र मूळ जागी चालते ठेवले असते, तर हा लेख लिहिण्याऐवजी मी तुम्हाला तेथेच नेले असते.

तोवर एक प्रयोग घरी करा. चरख्याच्या कच्च्या सुताचे दहा सारखे तुकडे घ्या. पाच दुपारच्या उन्हात वाळवा, पाच पाण्यात भिजवा. प्रत्येकाला एक हलका डबा टांगून त्यात सूत तुटेपर्यंत हळूहळू वाळू ओता. प्रत्येक वेळी डब्यासह वाळूचे वजन लिहून ठेवा व दोन्ही गटांची सरासरी काढा. प्रयोग मे महिन्यात करता आला तर उत्तम.