फुगणारे दाणे, आवळणारे क्षार

बाभळीचा डिंक पाण्यात टाकला की हळूहळू विरघळून जातो. सब्जाचं बी मात्र फुगतं आणि स्वतःभोवती पारदर्शक गोळा धरून बसतं. दोन्हींत साखरेसारख्या रेणूंच्या लांबलचक साखळ्याच आहेत. मग हा फरक का?

डिंकाच्या साखळ्या सुट्या असतात. पाणी मधे शिरलं की त्या पांगतात. सब्जाच्या साखळ्या मात्र एकमेकींत आणि सालीत अडकलेल्या असतात. मासेमारीच्या जाळ्यासारख्या त्या पसरतात, पण सुटत नाहीत. पाणी आत कोंडून राहतं. हेच हायड्रोजेल.

घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावसारख्या मोसंबीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात बाग जगवणं जिकिरीचं असतं, म्हणून हा विषय इथे जिव्हाळ्याचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजपासून ‘पुसा हायड्रोजेल’ बनवलं. शुद्ध पाण्यात ते वजनाच्या सुमारे 350 पट पाणी शोषतं. अशा जेलच्या साखळ्यांवर ऋणभार असतो. सारखे भार एकमेकांना लोटतात आणि जाळं ताणून उघडतं. जेलचे दाणे मातीत मिसळले, तर माती सुकू लागली की मुळं त्यांतलं पाणी ओढतात, दाणा आकसतो, पुन्हा ओल मिळाली की फुगतो.

खरी मेख पाण्यातच आहे. डायपरमधल्या अशाच फुगलेल्या जेलवर चमचाभर मीठ टाका, बघता बघता ते ढासळून पाणी सोडतं. मिठातले धनभार साखळ्यांमधली ढकलाढकल थांबवतात. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम तर दोन साखळ्यांना एकदम धरून जाळंच आवळतं. त्यामुळे हायड्रोजेलचं पाकीट घेण्याआधी थोडे दाणे आपल्याच विहिरीच्या पाण्यात भिजवून पाहावेत.